सममिती मोडली की पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांचे काय होते?

गेल्या अंकात टोपॉलॉजिकल इन्सुलेटर या पदार्थवर्गावर लेख प्रसिद्ध झाला होता. हे पदार्थ आतून वीज वाहू देत नाहीत, परंतु त्यांचा पृष्ठभाग मात्र विद्युतवाहक असतो आणि पृष्ठभागावरच्या या इलेक्ट्रॉन-अवस्था साध्या अशुद्धींनी नष्ट होत नाहीत, असा त्या लेखाचा गाभा होता. त्यावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक प्रश्न एकाच मुद्द्याकडे येतात, तो म्हणजे स्फटिकाची सममिती मोडल्यावर या अवस्थांचे पुढे काय होते. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : पृष्ठभागावरील अवस्थांना ‘संरक्षण’ असते असे लेखात म्हटले होते. परंतु स्फटिक किंचित ताणला किंवा त्याची रचना जराशी बदलली तरी या अवस्था नाहीशा होतात, असेही इतरत्र वाचले. दोन्ही विधाने खरी कशी असू शकतात?

दोन्ही विधाने खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या पदार्थांना लागू पडतात. संरक्षण आहे एवढेच सांगून भागत नाही. ते कोणत्या सममितीमुळे आहे हेही सांगावे लागते. ती सममिती शाबूत असेपर्यंत संरक्षण टिकते आणि ती गेली की संरक्षणही जाते.

बिस्मथ सेलेनाइड हे पहिल्या प्रकाराचे सर्वपरिचित उदाहरण आहे. त्याच्या पृष्ठभागावर एकच डिराक शंकू असतो, हे २००९ मध्ये प्रकाश-उत्सर्जनाच्या, म्हणजे प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांची ऊर्जा व संवेग मोजण्याच्या, प्रयोगांतून स्पष्ट झाले. डिराक शंकू म्हणजे ऊर्जा आणि संवेग यांचा असा आलेख, ज्यात वरचा आणि खालचा पट्टा (इलेक्ट्रॉनांना मुभा असलेल्या ऊर्जांचा सलग संच) एका बिंदूत टेकतात आणि त्या बिंदूजवळ ऊर्जा संवेगाच्या सरळ प्रमाणात वाढते. इथे हा बिंदू कालव्युत्क्रम सममितीमुळे टिकतो, म्हणजे काळाची दिशा उलटी केली तरी इलेक्ट्रॉनांचे नियम तेच राहतात या गुणधर्मामुळे. इलेक्ट्रॉनासारख्या अर्ध्या स्पिनच्या (स्पिन म्हणजे कणाचा अंगभूत कोनीय संवेग) कणांसाठी या सममितीचा अर्थ असा होतो, की संवेगाच्या काही विशिष्ट मूल्यांना प्रत्येक ऊर्जापातळी जोडीनेच यायला हवी. ही जोडी फोडायची तर चुंबकत्व लागते. स्फटिक दाबल्याने, ताणल्याने, त्याचा पृष्ठभाग खडबडीत केल्याने किंवा हवेत ठेवल्याने काळाची दिशा ओळखता येत नाही, त्यामुळे शंकूचा आकार बदलेल, त्याची ऊर्जा वरखाली होईल, शेजारी नव्या साध्या अवस्थाही येतील, पण छेदनबिंदू उघडणार नाही. अट एवढीच, की या खटाटोपात पदार्थाच्या आतील ऊर्जा-फट, म्हणजे दोन पट्ट्यांमधला अवस्थाच नसलेला ऊर्जेचा टप्पा, मिटता कामा नये. बिस्मथ सेलेनाइडमध्ये ही फट सुमारे ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे बऱ्यापैकी रुंद आहे.

दुसरा प्रकार २०११ मध्ये पुढे आला. भौतिकशास्त्रज्ञ लिआंग फू यांनी दाखवले, की कालव्युत्क्रमाचे काम स्फटिकाची स्वतःची सममितीही करू शकते, आणि अशा पदार्थांना त्यांनी टोपॉलॉजिकल क्रिस्टलाइन इन्सुलेटर असे नाव दिले. पुढच्याच वर्षी कथील टेलुराइड हा त्या वर्गातला खराखुरा पदार्थ असल्याचे भाकीत झाले आणि प्रयोगांनी त्याला दुजोराही मिळाला. त्याच्या पृष्ठभागावरील अवस्था आरसा-सममितीवर उभ्या आहेत. स्फटिकातील विशिष्ट प्रतल आरसा मानले, तर त्याच्या एका बाजूची अणुरचना दुसऱ्या बाजूचे तंतोतंत प्रतिबिंब असते. अशा प्रतलात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनाच्या प्रत्येक अवस्थेला परावर्तनाच्या बाबतीत दोनपैकी एक आयगेन मूल्य, म्हणजे परावर्तनात ती अवस्था कशी वागते हे सांगणारा अंक, मिळते. वेगवेगळ्या मूल्यांच्या दोन अवस्था एकाच ऊर्जेला आल्या तरी त्या एकमेकींत मिसळू शकत नाहीत. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता नकाशावर एकमेकांना छेदतात, पण वरची वाहने खाली उतरत नाहीत, तसेच हे आहे. आरसा मोडला की ते मूल्यच निरर्थक ठरते, दोन्ही अवस्था मिसळतात आणि छेदनबिंदूच्या जागी फट उघडते. रचनेतला किंचित बदल पुरतो तो या दुसऱ्या प्रकारात.

प्रश्न : कथील टेलुराइडमध्ये सममिती मोडली की सगळ्याच अवस्था एकदम जातात का? प्रत्यक्ष प्रयोगात नेमके काय दिसते, ते थोडे तपशिलात सांगावे.

सगळ्या एकदम जात नाहीत, आणि या विषयातला सर्वांत सुंदर भाग तोच आहे. म्हणून हे उत्तर मुद्दाम सविस्तर देत आहोत.

कथील टेलुराइडची रचना साध्या मिठासारखी घनाकार आहे. शिसे टेलुराइडची रचनाही तशीच आहे, मात्र दोहोंच्या ऊर्जापट्ट्यांचा क्रम उलट आहे. शिसे टेलुराइडमध्ये संयुजा पट्ट्याच्या (फटीखालच्या, भरलेल्या पट्ट्याच्या) माथ्यावरील अवस्था प्रामुख्याने टेलुरियमच्या असतात आणि वहन पट्ट्याच्या (फटीवरच्या, रिकाम्या पट्ट्याच्या) तळाच्या अवस्था शिशाच्या. कथील टेलुराइडमध्ये टेलुरियम वर जाते आणि कथील खाली येते. ही उलटापालट संवेग-अवकाशातील, म्हणजे संवेगाच्या सर्व मूल्यांच्या नकाशातील, चार समतुल्य ठिकाणी होते. चार ही संख्या सम असल्यामुळे कालव्युत्क्रमाच्या हिशेबाने हा पदार्थ सामान्यच ठरतो. मात्र आरशाच्या हिशेबाने पाहिले तर एक पूर्णांक मिळतो, ज्याला आरसा-चर्न संख्या म्हणतात, आणि कथील टेलुराइडसाठी त्याचे परिमाण २ आहे. हा पूर्णांक शून्य नसणे म्हणजेच आरसा शाबूत राखणाऱ्या पृष्ठभागावर वाहक अवस्था असण्याची हमी.

घनाच्या सपाट बाजूला समांतर असा पृष्ठभाग घेऊ. स्फटिकात या प्रकारचे एकूण सहा आरसे आहेत, त्यांपैकी फक्त दोन या पृष्ठभागाला लंब आहेत आणि ते एकमेकांनाही लंब आहेत. प्रत्येक आरसा पृष्ठभागावर एक रेषा आखतो आणि त्या रेषेवर दोन डिराक बिंदू बसतात. असे एकूण चार बिंदू झाले. आता पृष्ठभागावरचे अणू यांपैकी एका रेषेच्या दिशेने किंचित सरकले अशी कल्पना करा. ज्या आरशात ती रेषा स्वतः आहे, त्या आरशाला या सरकण्याने काही फरक पडत नाही, कारण दोन्ही बाजू सारख्याच सरकल्या. तिला लंब असलेला आरसा मात्र मोडतो, कारण अणू त्याच्या एका बाजूकडे झुकले. परिणामी सरकण्याच्या रेषेवरचे दोन बिंदू जसेच्या तसे राहतात आणि लंब रेषेवरच्या दोन बिंदूंत फट उघडते. त्या इलेक्ट्रॉनांना वस्तुमान आले, असे भौतिकशास्त्राच्या परिभाषेत म्हणतात.

हेच चित्र २०१३ मध्ये शिसे-कथील सेलेनाइड या जवळच्या मिश्र संयुगावर स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपने टिपले गेले. त्या प्रयोगातील युक्ती समजून घेण्यासारखी आहे. पृष्ठभागाला लंब चुंबकीय क्षेत्र लावले की इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा सलग राहत नाहीत, त्यांच्या ठरावीक पायऱ्या होतात. या पायऱ्यांना लँडाउ पातळ्या म्हणतात. वस्तुमानरहित डिराक इलेक्ट्रॉनांसाठी या पातळ्या क्षेत्राच्या वर्गमुळाच्या प्रमाणात एकमेकींपासून दूर सरकतात, पण शून्य क्रमांकाची पातळी मात्र क्षेत्र कितीही वाढवले तरी डिराक बिंदूवरच ठाण मांडून बसते. वस्तुमान आले तर ही शून्य पातळी डिराक बिंदूवरून वस्तुमानाइतकी वर किंवा खाली जाते, आणि तिथेही ती क्षेत्रामुळे हलत नाही. प्रयोगात अशा तीन न हलणाऱ्या रेषा दिसल्या. एक मध्यावर होती आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक. मधली रेषा वस्तुमानरहित जोडीची, कडेच्या दोन वस्तुमान आलेल्या जोडीच्या. म्हणजे एकाच पृष्ठभागावर, एकाच वेळी, दोन्ही जातींचे इलेक्ट्रॉन नांदत होते. सूक्ष्मदर्शकातील अणूंच्या प्रतिमेतही दोनपैकी एकच आरसा मोडलेला होता, त्यामुळे कारण आणि परिणाम एकाच मोजणीत हाती आले. अशी जोड प्रयोगात क्वचितच इतकी स्वच्छ मिळते.

शुद्ध कथील टेलुराइड सोडून मिश्र संयुग का घेतले, असा प्रश्न इथे उद्भवतो. कथील टेलुराइडमध्ये कथिलाच्या काही जागा रिकाम्या राहतात आणि त्यामुळे इलेक्ट्रॉनांची उणीव निर्माण होते. मग डिराक बिंदू भरलेल्या पातळ्यांच्या वर राहतो. प्रकाश-उत्सर्जनाच्या तंत्राला फक्त भरलेल्या अवस्था दिसतात, त्यामुळे शंकूचे टोक त्याच्या नजरेबाहेर जाते. शिसे मिसळलेल्या संयुगांत ही अडचण आटोक्यात ठेवता येते.

कथील टेलुराइड थंड केल्यावर स्वतःहूनही विरूप होते. साधारण १०० केल्विनच्या खाली, वाहकांची संख्या कमी असेल तर, घन एका कर्णाच्या दिशेने ताणला जातो आणि पदार्थ फेरोइलेक्ट्रिक बनतो, म्हणजे त्यात आपोआप विद्युत ध्रुवण येते. सहा आरशांपैकी त्या कर्णाला सामावून घेणारे तीन उरतात, बाकीचे तीन मोडतात. आता घनाच्या सपाट बाजूवर दोनपैकी एक आरसा उरेल आणि दोन बिंदू टिकतील. मात्र त्याच कर्णाला लंब कापलेल्या पृष्ठभागावर पाहिले, तर उरलेले तिन्ही आरसे त्या पृष्ठभागाला लंबच आहेत, म्हणून तिथले चारही शंकू शाबूत राहतात. ताण दुसऱ्या एखाद्या कर्णाच्या दिशेने असता तर या पृष्ठभागाला तीनपैकी एकच आरसा लाभला असता. नमुना तोच, विरूपणही तेच, पण स्फटिक कोणत्या दिशेने कापला यावर निष्कर्ष बदलतो. ‘सममिती मोडली का’ एवढाच प्रश्न विचारून थांबणाऱ्या वाचकाच्या हातून नेमके हेच निसटते. कोणती सममिती, कोणत्या पृष्ठभागावर, हे दोन प्रश्न त्याला जोडूनच विचारले पाहिजेत.

प्रश्न : पृष्ठभाग म्हणजेच स्फटिकाचा शेवट. मग पृष्ठभाग स्वतःच सममिती मोडत नाही का?

मोडतो, आणि हा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. पृष्ठभागाला लंब दिशेने एक-एक घर (रचनेचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) सरकण्याची सममिती तिथे संपते. केंद्राभोवती उलटण्याची सममिती, म्हणजे प्रत्येक अणू केंद्राच्या विरुद्ध बाजूला नेला तरी स्फटिक तसाच राहणे, कोणताच पृष्ठभाग टिकवू शकत नाही, कारण त्या क्रियेने वरचा पृष्ठभाग थेट खालच्या पृष्ठभागावर जातो. म्हणून ज्या पदार्थाचे टोपॉलॉजिकल वेगळेपण केवळ या उलटण्याच्या सममितीवर अवलंबून आहे, त्याच्या पृष्ठभागावर फटविरहित अवस्था असतीलच असे म्हणता येत नाही. आरसे आणि परिभ्रमणाचे अक्ष पृष्ठभागाला लंब असले तर टिकतात. सरकत-परावर्तनाचे, म्हणजे आरशात पाहून अर्धे घर पुढे सरकण्याचे, तसेच आहे; मात्र ते अर्धे घर पृष्ठभागाच्या प्रतलातच पडले पाहिजे. पोटॅशियम, पारा आणि अँटिमनी यांच्या एका संयुगाबद्दल २०१६ मध्ये असे भाकीत झाले, की त्याच्या विशिष्ट बाजूच्या पृष्ठभागावर सरकत-परावर्तनामुळे वाळूच्या घड्याळासारख्या आकाराचे पट्टे दिसतील. दुसऱ्या बाजूने कापलेल्या पृष्ठभागावर तशी अपेक्षा करता येत नाही.

प्रश्न : बिस्मथ सेलेनाइडला फक्त चुंबकत्व मारक आहे असे मानायचे का? आणि चुंबकत्व आले की फट उघडतेच का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, दुसऱ्याचे तसे नाही.

पृष्ठभागाला लंब दिशेचे चुंबकीकरण डिराक इलेक्ट्रॉनाला सरळ वस्तुमान देते. बिस्मथ-अँटिमनी टेलुराइडच्या पातळ थरात क्रोमियम मिसळून २०१३ मध्ये चिनी संशोधकांनी क्वांटम असंगत हॉल परिणाम मोजला तो याच मार्गाने. बाहेरून चुंबकीय क्षेत्र न लावताही हॉल रोध, म्हणजे प्रवाहाला आडव्या दिशेने मोजलेला रोध, सुमारे २५.८ किलोओहम या मूलभूत स्थिरांकांनी ठरणाऱ्या मूल्यावर स्थिरावला. मात्र त्यासाठी नमुना ३० मिलिकेल्विनपर्यंत थंड करावा लागला.

चुंबकीय क्षेत्र पृष्ठभागाच्या प्रतलात असेल तर गोष्ट वेगळी होते. बिस्मथ सेलेनाइडच्या स्फटिकातही आरसे आहेत. चुंबकीय क्षेत्राचा एक लक्षात ठेवण्यासारखा गुण असा, की आरशाला लंब असलेले क्षेत्र परावर्तनात बदलत नाही, आरशाला समांतर असलेले मात्र उलटते. त्यामुळे प्रतलातील क्षेत्र एखाद्या आरशाला लंब ठेवले, तर कालव्युत्क्रम मोडतो, पण तो आरसा उरतो आणि डिराक बिंदू फट न उघडता आरशाच्या रेषेवर नुसता सरकतो. क्षेत्राची दिशा त्यापासून थोडी फिरवली की आरसाही मोडतो आणि छोटीशी फट उघडू शकते. एकाच पदार्थाला दोन सममितींचे छत्र असू शकते, हे यावरून कळावे.

मँगनीज बिस्मथ टेलुराइडचा उल्लेख एका वाचकाने खास केला आहे. या पदार्थात सात-सात अणुथरांचे गठ्ठे एकावर एक रचलेले असतात. एका गठ्ठ्यातील मँगनीजचे चुंबकत्व एकाच दिशेला, तर शेजारच्या गठ्ठ्यातील विरुद्ध दिशेला असते, आणि ही मांडणी साधारण २५ केल्विनखाली तयार होते. कालव्युत्क्रम इथे एकटा टिकत नाही, पण काळ उलटवून लगेच एक गठ्ठा वर सरकले तर स्फटिक पुन्हा पहिल्यासारखा होतो. ही जोड-सममिती बाजूच्या पृष्ठभागांवर टिकते, तिथे फट अपेक्षित नाही. स्फटिक नैसर्गिकपणे ज्या पृष्ठभागावर सुटतो तिथे मात्र वर सरकायला जागाच नाही, म्हणून तिथे फट अपेक्षित आहे. सिद्धान्त असा स्वच्छ असला तरी या पृष्ठभागावरील प्रकाश-उत्सर्जनाच्या मोजण्या एकमेकींशी जुळलेल्या नाहीत. काही गटांना ठळक फट दिसली, तर काहींना जवळजवळ न उघडलेला शंकू. अगदी वरच्या थरातील चुंबकीय मांडणी आतल्यासारखीच असेल हे गृहीत धरणेच चुकीचे असावे, ही शक्यता अनेक जण मांडतात, आणि आमच्या मते तिचा विचार गांभीर्याने व्हायला हवा, कारण इथे निकाल आतील स्फटिकावर नव्हे तर सर्वांत वरच्या थरावर ठरतो.

प्रश्न : डिराक बिंदूत फट दिसली म्हणजे सममिती मोडली, असा निष्कर्ष काढता येईल का?

नाही. बिस्मथ सेलेनाइडचा थर फार पातळ केला की वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाच्या तरंगांची टोके आत एकमेकांना भिडतात आणि फट उघडते. पाच अणुथरांचा एक गठ्ठा साधारण एक नॅनोमीटर जाडीचा असतो, आणि असे सहाहून कमी गठ्ठे उरले की हा परिणाम दिसतो, हे २०१० मध्ये मोजले गेले. यात कोणतीही सममिती मोडलेली नसते. दुसरे कारण म्हणजे पट्ट्यांचा उलटा क्रमच सरळ होणे. शिसे-कथील सेलेनाइडच्या काही मिश्रणांत थंडीत पट्टे उलटे असतात आणि तापवल्यावर सरळ होतात. हा बदल पोलंडमधील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवला. स्फटिकाची घनाकार रचना सगळ्या काळात तशीच राहते. फट दिसल्यावर जाडी, तापमान आणि मिश्रणाचे प्रमाण यांची खातरजमा आधी करावी. आरशावर संशय त्यानंतर घ्यावा.

प्रश्न : खऱ्या स्फटिकात दोष असतातच. मग आरसा-सममिती कोठेच तंतोतंत नसणार. अशा वेळी टोपॉलॉजिकल क्रिस्टलाइन इन्सुलेटर केवळ कागदावरच उरत नाही का?

ही शंका सुरुवातीला तज्ज्ञांनाही वाटत होती आणि तिचे मिळालेले उत्तर मला या क्षेत्रातील सर्वांत समाधानकारक उत्तरांपैकी एक वाटते. सरसकट सगळे अणू एकाच दिशेला झुकणे आणि इथे एक डावीकडे, तिथे दुसरा उजवीकडे असे विस्कळीतपणे झुकणे, या दोन भिन्न परिस्थिती आहेत. पहिल्या परिस्थितीत सगळ्या पृष्ठभागावर एकाच चिन्हाचे वस्तुमान येते आणि पृष्ठभाग रोधक बनतो. दुसऱ्या परिस्थितीत वस्तुमान काही भागात धन असते आणि काही भागात ऋण. धन आणि ऋण प्रदेशांच्या सीमेवर वस्तुमान शून्यातून जावेच लागते, आणि तिथे फटीच्या मधोमध एक अवस्था अडकून राहते, हे १९७६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रोमन जॅकिव आणि क्लाउडिओ रेबी यांनी अगदी वेगळ्या संदर्भात दाखवले होते. पृष्ठभागावर अशा सीमारेषांचे जाळे पसरते. धन आणि ऋण प्रदेश सरासरीने सारखे असतील, तर हे जाळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडलेले राहते आणि वीज वाहत राहते. २०१२ च्या सुमारास लिआंग फू आणि चार्ल्स केन यांच्यासह अनेकांच्या कामातून हा निष्कर्ष पक्का होत गेला, की सममिती प्रत्येक अणूपाशी नसली तरी सरासरीने असणे पुरते.

म्हणून या पदार्थांना विखुरलेल्या दोषांपेक्षा एकसारखा, शिस्तीत आलेला ताण अधिक धोकादायक असतो. सामान्य अर्धवाहकांत काम केलेल्या व्यक्तीला हे पचायला जड जाते, कारण तिथे स्फटिक जितका निर्दोष तितके वहन चांगले अशीच सवय झालेली असते. इथे मात्र निर्दोषपणे ताणलेला थर पृष्ठभाग बंद करू शकतो, आणि खडबडीत थर तो चालू ठेवू शकतो.

प्रश्न : म्हणजे सममिती मोडणे हा सर्वस्वी तोटाच आहे का?

अजिबात नाही. कित्येकदा टोपॉलॉजिकल अवस्था सममिती मोडल्यामुळेच मिळते.

पारा टेलुराइडचे उदाहरण घ्या. त्याचे पट्टे उलटे आहेत, पण घनाकार सममितीमुळे वहन पट्टा आणि संयुजा पट्टा एका बिंदूत चिकटलेले राहतात, आणि आत फट नसल्यामुळे तो टोपॉलॉजिकल इन्सुलेटर ठरू शकत नाही. तो कॅडमियम टेलुराइडवर वाढवला, की दोन्ही स्फटिकांच्या जालकांच्या, म्हणजे अणूंच्या नियमित मांडणीच्या, अंतरातील सुमारे ०.३ टक्के फरकामुळे त्याला ताण बसतो, घनाकार सममिती मोडते, आत फट उघडते आणि पृष्ठभागावरील अवस्था एकट्या वहन करू लागतात. वुर्झबर्ग येथील गटाने २०११ मध्ये हे दाखवले. इथे ताणाने फट उघडली ती आत. पृष्ठभागाचे संरक्षण कालव्युत्क्रमाकडे असल्यामुळे त्याला धक्का लागला नाही.

वाइल अर्धधातूंतही, म्हणजे ज्यांच्या आत दोन पट्टे मोजक्या सुट्या बिंदूंत (वाइल बिंदूंत) टेकतात अशा पदार्थांतही, तसेच आहे. केंद्राभोवती उलटण्याची सममिती आणि कालव्युत्क्रम दोन्ही असतील, तर प्रत्येक पट्टा दुहेरी असतो आणि सुटा वाइल बिंदू संभवत नाही. दोहोंपैकी एक तरी मोडावीच लागते. टँटलम आर्सेनाइडच्या स्फटिकात उलटण्याची सममिती जन्मतःच नाही, आणि २०१५ मध्ये त्यात चोवीस वाइल बिंदू व पृष्ठभागावर त्यांना जोडणाऱ्या तुटक कमानी, ज्यांना फर्मी कमानी म्हणतात, सापडल्या. याउलट कॅडमियम आर्सेनाइड आणि सोडियम बिस्मथाइड या डिराक अर्धधातूंतील बिंदू परिभ्रमण-सममितीने टिकून आहेत. ती मोडणारा ताण दिला की ते फटीत नाहीसे होतात.

कथील टेलुराइडकडे परत येऊ. त्याच्या आरशांपैकी काही मोडून सपाट पृष्ठभागांत फट उघडली, तरी हिशेब तिथे संपत नाही. उरलेला एक आरसा स्फटिकाच्या कडेतून जात असेल, तर त्या कडेला मिळणाऱ्या दोन पृष्ठभागांवरील वस्तुमानांची चिन्हे परस्परविरुद्ध असणे भाग पडते, आणि वर सांगितलेल्या जॅकिव-रेबी तर्कानुसार वाहक अवस्था कडेवर येऊन बसते. अशा पदार्थांना उच्च-क्रमाचे टोपॉलॉजिकल इन्सुलेटर म्हणतात. कथील टेलुराइडसाठी हे भाकीत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि बिस्मथच्या स्फटिकांच्या कडांवर त्याच प्रकारच्या अवस्थांची चिन्हे त्याच वर्षी प्रयोगात दिसली.

पृष्ठभागावरच्या पायऱ्यांचे उदाहरणही इथेच द्यायला हवे. शिसे-कथील सेलेनाइड तोडल्यावर त्याच्या पृष्ठभागावर अणूच्या उंचीच्या पायऱ्या उरतात. पायरी एका अणुथराची असेल, तर खालच्या आणि वरच्या पातळीवरील जालके एकमेकांच्या तुलनेत अर्धे घर सरकलेली असतात, आणि पृष्ठभागापुरती सरकण्याची सममिती त्या रेषेवर तुटते. दोन अणुथरांची पायरी असेल तर जालके पुन्हा जुळतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजण्यांत असे आढळले, की एक, तीन अशा विषम थरांच्या पायऱ्यांच्या काठावर डिराक बिंदूच्या ऊर्जेला अरुंद, एकमितीय वाहक अवस्था आहेत, आणि सम थरांच्या पायऱ्यांच्या काठावर त्या नाहीत.